मळीची मजल पेट्रोलच्या टाकीपर्यंत

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहायचं ठरलं तेव्हा, 2001 साली, त्यासाठी देशात तीनच ठिकाणं निवडली गेली. उत्तर प्रदेशातलं बरेली आणि महाराष्ट्रातली मनमाड व मिरज. मिरज म्हणजे कोल्हापूरकरांचं शेजारघर. चहूकडे कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठचा ऊस, आणि गळीत हंगाम सुरू झाला की मळीला तोटा नाही.

ही मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट, जाड पाक. दारूला, रसायनांना, पशुखाद्याला ती जायची. आज शिरोळ, हुपरी, वारणानगर, बिद्री, कागल या नावांबरोबर साखर आठवते, पण कारखान्याचा ताळेबंद वाचणारा माणूस आधी डिस्टिलरीचं पान उघडतो. मळीपासून तिथे होणाऱ्या इथेनॉलला गिऱ्हाईक जणू एकच आहे आणि मोठं आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या कंपन्या पंपावर एकमेकींशी स्पर्धा करतात, इथेनॉल मात्र एकत्रित निविदा काढून, सरकारने ठरवलेल्या दराने घेतात. 2013-14 मध्ये देशभरात जेमतेम 38 कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं गेलं होतं. 2023-24 मध्ये ते 700 कोटी लिटरच्या पुढे गेलं, आणि 2030 साठी ठेवलेलं 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं गेलं.

डिस्टिलरीत शिरल्यावर पहिला भेटतो तो वास, आंबूस-गोड, घशाशी रेंगाळणारा. पाणी घालून पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडलं की टाकी आतून खदखदू लागते. साखरेच्या वजनातला जवळपास अर्धा भाग अल्कोहोल होतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांतून निघून जातो. मग ऊर्ध्वपातन. पण कितीही उकळा, अल्कोहोल 95-96 टक्क्यांपाशी अडतं. शेवटचं पाणी त्याला सोडत नाही, आणि इंजिनाला तर ते पाणी नको असतं.

तिथे उपयोगी पडतात झिओलाइटचे बारीक मणी. प्रत्येक मण्यात तीन अँगस्ट्रॉम रुंदीची भोकं असतात. पाण्याचा रेणू त्याहून लहान, म्हणून आत शिरून अडकतो. इथेनॉलचा रेणू मोठा, तो बाहेरून पुढे निघून जातो. मण्यांनी भरलेला एक मनोरा पाणी शोषतो, तोवर दुसरा ते ओकून कोरडा होतो, आणि मग पाळी बदलते. एवढ्याशा भोकांवर साऱ्या योजनेचा भार आहे, हे पाहिल्यावर या यंत्राबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

हवामानाचा हिशेब असा, की इथेनॉल जळून जो कार्बन हवेत जातो तो उसाने वर्षभरापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. जमिनीखालून काढलेल्या तेलाचं तसं नाही. नीती आयोगाच्या अभ्यासात उसाच्या इथेनॉलचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा 65 टक्क्यांनी कमी निघालं. बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालतो, ही त्यातली मोठी जमेची बाजू.

खर्चाची बाजूही तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवी. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश उरतो. तपकिरी, आम्लधर्मी, नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकणारा. तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळायची सोय आता आहे आणि ती अखंड चालायलाच हवी. मेलेल्या माशांचा तवंग पंचगंगेने पुष्कळदा पाहिला आहे. त्यात सांडपाण्याचाही वाटा आहे आणि इतर उद्योगांचाही, पण त्यामुळे डिस्टिलरीची जबाबदारी कमी होत नाही. पाण्याचा आकडाही नीती आयोगानेच दिला आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं. कोल्हापूरचा पाऊस ते सोसतो. मराठवाड्याने याच वाटेने जावं का, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे.

साखरेचा उतारा हा इथला अभिमान, राज्यात सर्वांत वरचा. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी, म्हणजे साखर पुरती काढून न घेतलेली मळी, घ्यायची तर थोडी साखर सोडावी लागते, हिशेबात उतारा कमी दिसतो. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर कारखान्यांनी हा सौदा पत्करला, कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. पाऊस कमी झाला आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात ती सैल झाली, पूर्ण उठायला पुढचा हंगाम उजाडला. साखर महाग होऊ नये ही सरकारची चिंता खोटी नव्हती. पण बँकेचा हप्ता पावसाकडे पाहून थांबत नाही.

तेल कंपन्यांकडून पैसे 21 दिवसांत येतात. कायद्याने शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, 14 दिवसांत द्यायची असते, आणि साखर महिनोन् महिने गोदामात पडून राहते. म्हणून इथेनॉलचा चेक कारखान्याला एवढा मोलाचा. आता हिशेबाचा पुढचा टप्पा आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊस दर कायद्यामागे 70:30 वाटणीचं सूत्र आहे, 70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला. त्यात साखर, बगॅस आणि मळी धरली जाते. मळीचं इथेनॉल झाल्यावर वाढलेली किंमत त्यात नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून येणारा शेतकरी नेमकं तेच विचारतो: टँकर भरून डेपोकडे गेला, त्यातले माझे किती?