पंचमीची भरती पावणेचारला

पहाटे ५

मार्गशीर्ष वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला समुद्र पुरता भरणार आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, पूर्ण सुकती. हा हिशेब मला सासऱ्यांनी शिकवला. तारकर्लीत आमचं छोटं न्याहारी-निवास आहे, आणि पाहुण्यांचा दिवस मी याच हिशेबावर आखते. आधी भरती-सुकती, मग जेवणाच्या वेळा.

सध्या नागपूरकडचं कुटुंब उतरलंय. आजी, आईबाबा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. काल रात्री बाबांनी विचारलं, "वहिनी, मुलांसाठी इथे काय काय ॲक्टिव्हिटी आहेत?" त्यांच्या मोबाइलवर यादी तयार होती: जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग. ते सगळं आहे, किनाऱ्यावरची आमचीच पोरं चालवतात, त्यांचंही पोट त्यावर आहे. पण तोच पट्टा आणि तीच होडी गोव्यात मिळते, थायलंडमध्येही मिळते. नागपूरहून एवढ्या लांब आलेल्या मुलांनी मालवणातून जाताना मालवण पाहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी म्हटलं, "एक दिवस माझ्यावर सोडा. परवा राइडला जा."

सकाळी ६.४५

उजाडायच्या सुमाराला किनाऱ्यावर. रापण लागली होती. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ टाकत पुढच्या अंगाला किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूत उभी राहून ओढतात. इंजिन नाही, यंत्र नाही. ओढणारे तरुण आहेत, म्हातारे आहेत, बायाही आहेत. दोन्हीकडचे गट ओढता ओढता एकमेकांकडे सरकतात आणि जाळ्याचं तोंड लहान होत जातं.

मुलं दहा मिनिटं लांब उभी होती. मग रापणीतले एक काका मुलीला म्हणाले, "बगतंस काय नुसता? दोरी घट धर, पाय वाळयेत रोव आणि वड!" तिने आईकडे पाहिलं, आई हो म्हणाली, आणि ती दोराला लागली. ओला, खारट, काथ्यासारखा खरखरीत दोर. दोन मिनिटांत तळवे लाल झाले. मागच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पाण्याजवळ जातो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो. हे तिला कुणी सांगितलं नाही, बघून तिच्या लक्षात आलं. धाकट्याला जाळ्याचे बोये मोजायचं काम दिलं.

जाळं वर आलं तेव्हा बरेचसे पेडवे होते, थोडे बांगडे, दोन-चार कुर्ल्या, आणि बरीच जेलीफिश. पूर्वीच्या रापणीच्या गोष्टी सांगणारी माणसं जवळच उभी होती. पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी यांनी किनाऱ्याजवळचा मासा किती कमी केलाय, हे त्यांनी बाबांना सविस्तर सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. पर्यटकाला समुद्र दाखवायचा तर ही बाजू त्याला त्यांच्याच तोंडून कळावी.

वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. ज्याने हात लावला त्याला चार मासे, ही रापणीची रीत आहे. त्याच काकांनी मुलीच्या ओंजळीत चार बांगडे ठेवले. बाबांनी पाकीट काढलं तसे ते म्हणाले, "पैशे नको, तिणा वडल्यान." मी बाबांना खुणेने थांबवलं. त्या चार बांगड्यांचे पैसे झाले असते तर ती खरेदी ठरली असती.

सकाळी ८

न्याहारी. घावणे, खोबऱ्याची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ. मुलांसाठी शिरवाळे. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यात दाबायचे, शेवया पडतात, त्या गुळाच्या नारळरसात बुडवून खायच्या. साचा दाबायला दोघांचं वजन लागतं. बहीण-भाऊ दोघेही दांड्याला लोंबकळले आणि एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची मामी कुंपणाशी येऊन बघून गेली. आजींनी रस तीनदा मागून घेतला.

सकाळी ९.३०

मालवणचं रॉक गार्डन. बहुतेक लोक इथे सूर्यास्ताला येतात, मी सुकतीला आणते. पाणी उतरलं की काळ्या खडकांतली डबकी उघडी पडतात आणि मांडी घालून बसलं की समुद्राचा तळ हाताच्या अंतरावर असतो. नियम एकच: बघायचं, उचलायचं नाही, आणि पाय कोरड्या दगडावरच टाकायचा. डबक्यात समुद्रफुलं होती. स्पर्श झाला की ती आपले हात आत ओढून घेतात. शिंपल्यासारखा पडलेला एक शंख अचानक चालू लागला. आत परक्या शंखात राहणारा खेकडा. धाकट्याने विचारलं, "त्याचं घर लहान झालं की?" मी सांगितलं, मोठा रिकामा शंख शोधतो आणि पटकन घर बदलतो. "म्हणून शंख उचलायचे नाहीत," असं तो स्वतःच म्हणाला आणि खिशातले दोन परत ठेवले.

मालवणच्या या समुद्रात प्रवाळ आहे. १९८७ साली इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण निर्बंध आपल्याच चुलीवर येतील ही भीती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं मला वाटतं, आणि दहा वर्षांच्या मुलीला दोन्ही सांगता येतात. तिला सकाळचा दोर आठवत असतो.

सकाळी ११

धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग. लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसतो.

शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, पायाची पूजा किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी झाली. जवळपास तीन वर्षं काम चाललं. ४८ एकरांचं बेट आणि त्याभोवती तीन किलोमीटरच्या आसपास तट. आकडे मुलं विसरतात, म्हणून मी त्यांना एक काम देते: होडी किल्ल्याला लागेपर्यंत दरवाजा शोधायचा. शोधून सापडत नाही. दोन बुरुजांच्या आड तो असा वळवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय वाट आहे हे कळत नाही. शत्रूच्या जहाजाला काय वाटलं असेल, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आत दरवाज्याजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. मुलगी बराच वेळ आपला तळहात हवेत धरून माप बघत होती. शिवराजेश्वराच्या देवळातली मूर्ती राजाराम महाराजांच्या काळातली. तिला दाढी नाही आणि डोक्यावर इथल्या दर्यावर्द्याची टोपी आहे. पुस्तकातलं चित्र पाहून आलेली मुलं हमखास गोंधळतात. मला ही मूर्ती फार आवडते, इथल्या माणसांनी राजाला आपल्यातला करून घेतलेला तिच्यात दिसतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत चहूकडे खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. किल्ल्यात अजून काही घरं राहती आहेत. त्यातल्या एका घरी कोकम सरबत प्यायलो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात सिंधुदुर्ग आहे. बाबा म्हणाले, आता गर्दी वाढेल. वाढावी, पण तटावर नावं कोरणारी नको.

दुपारी १.३०

जेवण. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, आणि मुलीचे चार बांगडे वेगळे तळून, तिच्याच ताटात. तिने प्रत्येकाला एकेक दिला, स्वतःला एक ठेवला. धाकट्याला मासा आवडत नाही. त्याने वरण-भात खाल्ला.

दुपारी ३

भरतीच्या वेळी मी मुलांना पाण्याजवळ ठेवत नाही. देवबागच्या बाजूला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओढ जबर असते आणि पोहता येणारी माणसंही फसलेली आहेत. म्हणून पाणी भरतं त्या तासांत आम्ही आत, कुडाळच्या दिशेने निघतो. वाटेत धामापूरचा तलाव. १५३० सालचा, गावकऱ्यांच्या श्रमाने बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. पंधरा मिनिटं पायरीवर बसलो आणि पुढे.

दुपारी ४.१५

पिंगुळी. ठाकर समाजाचं गाव. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या या कला इथे पिढ्यानपिढ्या घराघरांत आहेत आणि त्यांना सावंतवाडीच्या भोसल्यांचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठा म्हटल्यावर मुलांना हसू आलं होतं, आत गेल्यावर ती गप्प झाली.

चित्रकथीची एकेक कथा म्हणजे चित्रांची एकेक पोथी. कागदावर रंगवलेली, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. चेहरे बाजूने, डोळे मोठे. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि गातो, वीणा, टाळ आणि हुडूक साथीला. चित्र हलत नाही, आवाज हलतो. सहा वर्षांचा मुलगा, ज्याच्या हातात प्रवासभर मोबाइल होता, पुढे सरकत सरकत अगदी चित्राच्या पायाशी जाऊन बसला. सीतेला रावण नेतो त्या चित्राला त्याने मागे वळून आजीला विचारलं, "हे तू सांगितलेलं तेच ना?" आजींनी मान डोलावली. विदर्भातल्या आजीच्या मांडीवर ऐकलेली गोष्ट कोकणातल्या गोठ्यात चित्र होऊन समोर आली होती.

मग कळसूत्री. बाहुलीचे दोरे मुलीच्या बोटांत दिले. बाहुली गिरकी घेऊन पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. शिकवणाऱ्याने सांगितलं, दोरा ओढायचा नाही, मनगट वळवायचं. सकाळी तिला ओढायला सांगितलं होतं, आता ओढू नको म्हणत होते. दहाएक मिनिटांनी बाहुलीने एकदाच नीट मान वळवली आणि तिच्या आईने टाळ्या वाजवल्या.

या घरांतली कला टिकायची तर खेळ पाहून पैसे द्यायला हवेत, हे मी पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगते. फोटो काढून निघून जाणाऱ्यांमुळे कलाकाराची चूल पेटत नाही. बाबांनी खेळाचे पैसे दिले आणि एक चित्रही घेतलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा परवा. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात आणि एकेका अवताराचे बारा. आधी दशावतार बघितला की ते पत्ते मुलांना ओळखीचे वाटतात.

रात्री १०.३०

जेवून, दोन तास झोपून, स्वेटर घालून जत्रेला. मार्गशीर्षात आमच्याकडे जवळपास रोज कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा असते आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार. देवळाबाहेर खाज्याची दुकानं, पालखीची प्रदक्षिणा, मग सभामंडपासमोर पडदा. पाहुण्यांना मी थोडी लवकर नेते, कारण नटांची रंगरंगोटी बघायला मिळते. पेटारा उघडून, छोटा आरसा टेकवून प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो. दिवसा रिक्षा चालवणारा, शेती करणारा माणूस तासाभरात लक्ष्मी होतो. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. मुलीने विचारलं, "यांची स्क्रिप्ट कुठेय?" लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरते, कोण कोण ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर उभं राहूनच बोललं जातं.

पेटी, पखवाज, झांज. गणपती आला, ऋद्धी-सिद्धी आल्या, भटजी आले, सरस्वती नाचली. मग काळा वेश, काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ घेऊन संकासुर, थेट प्रेक्षकांतून. धाकटा आजींच्या पदरात शिरला. पण संकासुर बोलतो मालवणीत, गावातल्या रस्त्यांबद्दल, सरपंचाबद्दल, आणि लोक पोट धरून हसतात. वेद चोरणारा राक्षस असा हसवतो म्हटल्यावर मुलाने पदराबाहेर एक डोळा काढला, मग दुसरा. विष्णूने संकासुराला मारलं तेव्हा मुलाला वाईट वाटलं. हा सुरुवातीचा भाग, आडदशावतार, हल्ली वेळ वाचवायला फार आखूड करतात. माझ्या मते मुलांसाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे, आणि मंडळांनी तो पूर्ण करावा.

बाराच्या पुढे आख्यान सुरू झालं. चंद्र केव्हाच वर आला होता. धाकटा चटईवर झोपला. एकच्या सुमाराला मी निघू या म्हटलं, तर मुलगी हलेना. युद्ध व्हायचं होतं. आजी म्हणाल्या, "मी बसते तिच्यासोबत, पहाटेचा दहीकाला बघूनच येऊ." बाबाही थांबले.

मी आईला आणि झोपलेल्या मुलाला घेऊन घरी आले. साडेपाचला आमचे हे त्यांना आणायला गाडी घेऊन जातील. आंबोळ्यांचं पीठ मी संध्याकाळीच वाटून ठेवलंय, आणि उद्या नऊच्या आत कुणी न्याहारी मागेल असं वाटत नाही.