न नांगरलेल्या शेताचे मोल

शेतकऱ्याने पीक काढले म्हणजे त्याला पैसा मिळावा, हे कोणासही पटते. परंतु शेत न नांगरल्याबद्दल सरकारने जमीनमालकास पैसे द्यावेत, हे ऐकून प्रथम हसूच येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे. तिच्यामागील कारण विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, कोलोरॅडो या राज्यांतील विस्तीर्ण माळरानांवर पूर्वी दाट गवत होते व त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, पुढे ट्रॅक्टर आले, आणि लक्षावधी एकर माळ नांगराखाली गेला. १९३० नंतर लागोपाठ अवर्षणे पडली. पिके जळाली आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. मे १९३४ मध्ये ही धूळ दूरच्या न्यूयॉर्क व वॉशिंग्टन शहरांपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर भर दिवसा अंधार झाला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. ह्यू बेनेट हे मृदातज्ज्ञ जमिनीच्या धुपेविषयी कित्येक वर्षे इशारे देत होते. त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा झाला आणि त्या कामासाठी निघालेल्या सरकारी विभागाचे ते प्रमुख झाले.

वरच्या शेताचा बांध फुटला म्हणजे खालच्या शेताचेही नुकसान होते, हे आपल्याकडील शेतकरी जाणतो. तेथेही तोच प्रकार होता. जमीन गवताखाली ठेवली, तर मालकाचे उत्पन्न बुडते. पण वाहून न गेलेल्या मातीचा आणि स्वच्छ राहिलेल्या नदीचा लाभ सर्वांस होतो. लाभ सर्वांचा असेल, तर तोटा एकट्याने का सोसावा? हेच या अनुदानाचे मूळ तत्त्व होय.

१९३६ च्या कायद्याने माती राखणारी पिके घेणाऱ्यांस पैसे देण्याची तरतूद झाली. १९५६ साली ‘मृदा पेढी’ ही योजना निघाली आणि १९८५ च्या कायद्याने ‘संधारण राखीव योजना’ सुरू झाली. या शेवटच्या योजनेत मालक १० ते १५ वर्षांचा करार करतो व धुपणाऱ्या जमिनीवर पीक न घेता गवत किंवा झाडे लावतो. सरकार त्यास दर वर्षी एकरी भाडे देते आणि लागवडीच्या खर्चाचाही काही भाग उचलते.

तथापि या व्यवस्थेस दोन उणिवा आहेत. पहिली ही, की करार मुदतीचा असतो. २००७ साली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन या योजनेत होती. पुढे धान्याचे भाव वाढले, कायद्यानेही क्षेत्राची मर्यादा उतरविली, आणि २०१६ पर्यंत हे क्षेत्र सुमारे २ कोटी ४० लाख एकरांवर आले. अनेक वर्षे जपलेले गवत एका हंगामात नांगरले जाऊ शकते.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. पैसा मालकास मिळतो. राबणाऱ्यास मिळेलच असे नाही. १९३३ च्या कायद्याने कापसाचे क्षेत्र घटविण्यासाठी पैसे दिले गेले, तेव्हा दक्षिणेतील पुष्कळ मालकांनी ते स्वतःकडे ठेवले आणि वाटेकऱ्यांस जमिनीवरून काढून लावले. १९३४ साली आर्कान्सामध्ये गोऱ्या व काळ्या कुळांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापिला, तो याच अन्यायामुळे.

म्हणून अशा योजनेची परीक्षा केवळ किती एकर जमीन वाचली यावरून करून भागत नाही. करार संपल्यावर ती माती टिकली काय, आणि तिच्यावर पोट असणारा माणूस टिकला काय, हेही विचारावयास हवे. सार्वजनिक पैशाने राखलेल्या मातीविषयी हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.