हक्कांच्या डोंगरातली व्हिस्की : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चीनच्या फुजियान प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात लोंगयान नावाचा डोंगराळ भाग आहे. इथून टिंग नदी दक्षिणेकडे ग्वांगदोंग प्रांतात उतरते. इथले हक्का लोक या नदीला आई मानतात. अलीकडे याच लोंगयानमध्ये 'नाइन रिव्हर्स' नावाची माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी उभी राहिली आहे. चिनी व्हिस्की म्हटलं की आपल्याला नक्कल आठवते आणि हक्का म्हटलं की नूडल्सची गाडी. दोन्ही समजुती काढून टाकाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्या मागे एका कष्टाळू समाजाचं सगळं स्वयंपाकघर झाकलं गेलं आहे.

गैरसमज : चिनी व्हिस्की म्हणजे त्यांचीच जुनी दारू, नव्या बाटलीत.

चीनची जुनी गाळीव दारू म्हणजे बायजियू. ती मुख्यतः ज्वारीची असते. वाफवलेल्या ज्वारीत धान्याच्या विटेवर वाढवलेलं विरजण मिसळतात आणि ते ओलसर मिश्रण खड्ड्यात किंवा मातीच्या रांजणात आंबवतात. त्यात पाणी जवळजवळ नसतंच. मग त्या घट्ट राशीतून वाफ सोडून दारू गाळतात आणि ती मातीच्या भांड्यांत मुरवतात. लाकडाचा संबंध येत नाही, म्हणून ती पाण्यासारखी नितळ राहते.

माल्ट व्हिस्कीची वाट अगदी वेगळी आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवायची, भरडून गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, तो गोड रस यीस्टने आंबवायचा, तांब्याच्या भट्टीत सहसा दोनदा गाळायचा आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचा. रंग आणि बराचसा गंध त्या लाकडातून येतो. चीनमधल्या नव्या डिस्टिलऱ्या हीच पद्धत वापरतात. परनो रिका या फ्रेंच कंपनीने सिचुआनमध्ये एमेइ पर्वताच्या पायथ्याशी २०२१ मध्ये डिस्टिलरी सुरू केली आणि २०२३ च्या अखेरीस तिथली पहिली माल्ट व्हिस्की बाजारात आणली. काही पिंपं तर चिनी ओकचीही आहेत.

नकलीचा आरोप करताना आपल्या घरातही डोकावायला हवं. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून बनतो आणि युरोपीय संघाच्या नियमांत तो व्हिस्की ठरत नाही.

गैरसमज : इतकी तरुण व्हिस्की चांगली असूच शकत नाही.

स्कॉटलंडच्या कायद्यात किमान तीन वर्षं पिंपात ठेवण्याची अट आहे. पण मुरण्याचा वेग हवेवर ठरतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण २ टक्के दारू दरवर्षी उडून जाते. उष्ण, दमट प्रदेशात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं आणि लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. गोव्यात कुंकळ्ळीला मुरणाऱ्या पॉल जॉनच्या सिंगल माल्टचा अनुभव हाच आहे. तैवानच्या कावालानने २००६ मध्ये दारू गाळायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये तिच्या एका व्हिस्कीला जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा किताब मिळाला. फुजियानची हवाही तैवानसारखीच उपोष्ण आहे. याचा अर्थ तिथली प्रत्येक बाटली उत्तम असेल असा नाही. लेबलावरचं वय एवढाच निकष लावू नये, इतकाच त्याचा अर्थ.

गैरसमज : हक्कांची दारू ती हीच.

व्हिस्की तिथे पाहुणी आहे. हक्का घरातली दारू तांदळाची आणि ती गाळलेली नसते. चिकट तांदूळ वाफवून थंड करायचा, त्यात विरजण मिसळायचं आणि रांजणात भरून ठेवायचं. काही दिवसांत गोडसर रस सुटतो. तो वेगळा करून मातीच्या भांड्यांत भरतात, भांड्यांभोवती भाताचा पेंढा किंवा तूस पेटवून मंद आचेवर तापवतात. त्याने दारू टिकाऊ होते आणि रंगही गडद होतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे आहे, आणि हक्का समाजात ते ओघानेच आलं: इथल्या बायका शेतात राबत, म्हणून चीनमध्ये इतरत्र पसरलेली पाय बांधण्याची क्रूर चाल या समाजात रुजली नाही.

या दारूचा सर्वांत मानाचा उपयोग बाळंतिणीसाठी होतो. आलं परतून त्यात कोंबडी आणि तांदळाची दारू घालून शिजवलेला रस्सा तिला रोज देतात. आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवांना जी जागा आहे, ती तिथे या रश्श्याला. मात्र शिजवल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं हा समज खरा नाही. बराच भाग जातो, थोडा उरतो.

गैरसमज : हक्का नूडल्स हा हक्कांचा पदार्थ आहे.

मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर मोठ्या आचेवर कोबी, सिमला मिरची, सोया सॉस आणि व्हिनेगर घालून परतलेल्या नूडल्स हक्का प्रदेशात या नावाने मिळत नाहीत. ग्वांगदोंगमधलं मेइझोउ हे हक्कांचं मोठं केंद्र. तिथली न्याहारी म्हणजे उकडलेल्या नूडल्स, त्यांवर डुकराची चरबी आणि तळलेला लसूण, सोबत वाटीभर गरम सूप. परतणं नाही, मिरची नाही, भाज्यांचा ढीग नाही.

तरीही 'हक्का' हे नाव आपल्याकडे खऱ्या माणसांमुळे आलं. मेइझोउ परिसरातून आलेले हक्का कोलकात्यात स्थिरावले. त्यांनी बेंटिंक स्ट्रीटवर बुटांची दुकानं काढली, टांग्राला कातडी कमावण्याचे कारखाने चालवले. १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत कोलकात्याबरोबरच आसाम, दार्जिलिंगकडची भारतात जन्मलेली माणसंही होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर कारखाने शहराबाहेर हलवावे लागले आणि टांग्राची ओळख हॉटेलांमुळे उरली. भारतीय जिभेला रुचेल असं चिनी जेवण कोलकात्यातल्या अशा स्वयंपाकघरांत घडलं. चिकन मंचुरियन मात्र मुंबईचं: कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात केलं. या सगळ्याला भारतीय चिनी जेवण म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. पण त्यावरून हक्का चवीची कल्पना करू नये.

गैरसमज : हक्का ही चीनमधली वेगळी जमात आहे आणि सगळे हक्का गोल मातीच्या वाड्यांत राहतात.

चीनच्या ५५ मान्यताप्राप्त अल्पसंख्याक गटांत हक्का नाहीत. ते हानच आहेत, भाषा मात्र स्वतंत्र आहे. उत्तरेकडून लाटांमागून लाटांनी दक्षिणेत आलेल्यांना सपाट, सुपीक जमीन आधीच व्यापलेली दिसली आणि डोंगर वाट्याला आले. पुढे त्यांतले अनेक समुद्रापार गेले. आपल्या घराघरांतला टायगर बाम ज्यांनी जगभर पोचवला त्या ऑ बून हॉ यांचा जन्म रंगूनचा, पण घराणं लोंगयानमधल्या योंगडिंगचं.

गोल वाडे म्हणजे तुलोउ. २००८ मध्ये त्यांतले ४६ युनेस्कोच्या वारसा यादीत आले. ह्वाआन, नानजिंग या तालुक्यांतले बरेच तुलोउ मात्र हक्कांचे नव्हेत, दक्षिण फुजियानच्या मिन्नान भाषकांचे आहेत. आणि मेइझोउचे हक्का वेगळ्याच, अर्धवर्तुळाकार घरांत राहत आले. हक्कांच्या तुलोउत एका कुटुंबाला जमिनीपासून छपरापर्यंतची उभी पट्टी मिळते: खाली चूल, वर धान्य, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. म्हणून कुणाला समोरचा भाग, कुणाला मागचा, पण वरचा मजला श्रीमंताचा असा प्रकार नसतो.

गैरसमज : चिनी जेवण म्हणजे ताज्या भाज्या झटपट परतणं.

डोंगरातलं जेवण साठवणीवर चालतं. मोहरीचा पाला खारवून, वाळवून ठेवतात आणि डुकराच्या पोटाच्या जाड कापांसोबत तासन्‌तास वाफवतात. चरबी पाल्यात मुरते, पाल्याचा खारटपणा मांसात. कोंबडी कागदात गुंडाळून गरम मिठात पुरून भाजतात. टोफूत खिमा भरतात. उत्तरेतून आलेल्यांना डंपलिंगसाठी गहू मिळेना, म्हणून त्यांनी टोफूत सारण भरलं अशी कथा तिथे सांगतात.

पश्चिम फुजियानची आठ वाळवणं तर प्रसिद्धच आहेत. चांगटिंगचा सुका टोफू, लियानचेंगची वाळवलेली रताळी, योंगडिंगचा वाळवलेला पाला, शांगहांगचा सुका मुळा ही त्यांतली चार. निंगह्वाकडचं सुकवलेलं शेतातल्या उंदराचं मांसही याच आठांत मोडतं. व्हिस्कीच्या घोटाबरोबर यांतलं काय घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी लियानचेंगची रताळी सांगेन. त्यांचा चिवट गोडवा पिंपातून आलेल्या गोड वासाशी जुळतो, आणि शाकाहारी माणसालाही ती निर्धास्त खाता येतात. टोफू मागवताना मात्र आत खिमा आहे का, हे आधी विचारून घ्यावं.