पेटीची किल्ली पेटीतच!

विद्यार्थी मित्रांनो, गोदावरीला पूर आला की नाशिककर काय करतात, ठाऊक आहे ना? घाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या कुठवर चढले, यावरून पुराचा अंदाज बांधतात. घाबरण्यापूर्वी खूण पाहायची, ही शहाणपणाची रीत. आज तीच रीत आपण संगणकाला लावू या.

समजा, तुमच्या शाळेतील संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. काल तिचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा बसवला. आज संगणक सुरू केला, तर पडद्यावर संदेश आला : हार्ड डिस्क सापडत नाही! वर्षभराच्या प्रकल्पांच्या नोंदी तिच्यावरच आहेत. कोणी म्हणतो, "डिस्क गेली. फॉरमॅट करून टाका." थांबा! तसे केले, तर शाबूत असलेल्या नोंदीही हातच्या जातील.

हा गाभा म्हणजे काय? लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम लिहिला. आपल्या सी-डॅक संस्थेची बॉस ही प्रणालीही त्याच गाभ्यावर उभी आहे. यंत्राचे भाग आणि आपले कार्यक्रम यांच्यामधला हा कारभारी. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी त्याला ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो.

आता गंमत पाहा. डिस्कचा दुभाषा पुष्कळदा डिस्कवरच ठेवलेला असतो. पण दुभाष्यावाचून गाभ्याला डिस्क वाचता येत नाही. पेटीची किल्ली पेटीतच! म्हणून जरुरीच्या किल्ल्यांचा एक जुडगा वेगळा बांधतात. त्याचे नाव इनिटरॅमएफएस. संगणक सुरू होताना गाभ्याबरोबर तोही स्मृतीत आणला जातो. नवा गाभा बसवताना जुडग्यात योग्य किल्ली पडली नाही, की डिस्क धडधाकट असूनही दिसत नाही.

दुसरे कारण नावाचे. पूर्वी जुन्या पद्धतीच्या डिस्कला लिनक्समध्ये 'एचडीए' असे नाव मिळे. २००६-०७ च्या सुमारास नव्या गाभ्यांबरोबर तिला 'एसडीए' म्हणू लागले. घर तेच, पाटी बदलली. जुना पत्ता घेतलेला पोस्टमन दारातून परत! यावर उपाय म्हणून डिस्कच्या प्रत्येक विभागाला यूयूआयडी हा ३२ अंकाक्षरांचा ओळख-क्रमांक असतो. पाटी बदलली तरी तो तसाच राहतो.

मग दोष शोधायचा कसा? शास्त्रज्ञाप्रमाणे : एका वेळी एकच गोष्ट बदलून.

पहिली खूण : संगणक सुरू होताच बायोसच्या यादीत डिस्क दिसते का? तेथेही नसेल, तर दोष गाभ्याचा नव्हे. संगणक बंद करून, वीज तोडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली डिस्कच्या तारा तपासा.

दुसरी खूण : लिनक्स बहुधा जुना गाभाही जपून ठेवते. सुरुवातीच्या यादीतून तो निवडा. डिस्क तीच, तारा त्याच, बदलला फक्त गाभा. आता डिस्क दिसली, तर ती बहुतेक ठीकच आहे. प्रथम नोंदींची दुसरी प्रत काढून घ्या.

तिसरी खूण : गाभा आपण काय काय पाहिले ते क्रमाने लिहून ठेवतो. नव्या गाभ्याच्या त्या नोंदी वाचा. डिस्क निराळ्या नावाने आढळली, तर जोडणीच्या यादीत नावाऐवजी यूयूआयडी लिहा. मुळीच आढळली नाही, तर जुन्या गाभ्यातून किल्ल्यांचा जुडगा पुन्हा बांधा.

१९५६ साली आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० चकत्या होत्या आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या हजारो पट मजकूर मावतो. पण जितके अधिक साठवता येते, तितकेच एका घाईने गमावताही येते. तेव्हा मित्रांनो, 'सापडत नाही' म्हणजे 'नाही' असे समजू नका. आधी खूण पाहा, मग हात लावा!