महाशिंपल्यांतील सागराची नोंद

पापुआ न्यू गिनीच्या ईशान्य किनाऱ्यावर ह्युऑन नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील किनारा प्रचंड पायऱ्यांसारखा एकावर एक चढत गेलेला दिसतो. या पायऱ्या म्हणजे एके काळी समुद्रात वाढलेली प्रवाळभित्ती होय. भूकवचाच्या हालचालींमुळे ती हळूहळू वर उचलली गेली. तिच्या चुनखडकात महाशिंपल्यांची कवचे रुतलेली आढळतात.

ट्रायडॅक्ना गिगास ही महाशिंपल्यांतील सर्वांत मोठी जाती. तिचे कवच एक मीटरहूनही लांब वाढते. या प्राण्याच्या मांसल आवरणात सूक्ष्म शैवले राहतात व त्यांना सूर्यप्रकाश लागतो. त्यामुळे असे कवच जेथे मूळ जागी सापडते, तेथे पूर्वी उबदार, स्वच्छ व उथळ समुद्र होता, असे समजावे.

परंतु कवचाची साक्ष एवढ्यावरच संपत नाही. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यात वार्षिक पट्टे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दैनंदिन वाढीच्या रेषाही दिसू शकतात. या थरांतील ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. पाणी थंड असेल, तर कवचात जड ऑक्सिजन अधिक सामावतो. समस्थानिकांवरून प्राचीन तापमान काढण्याची ही कल्पना हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडली.

येथे एक अडचण उद्भवते. हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो व समुद्रातच जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. मग कवचातील वाढ थंडीमुळे की बर्फामुळे? पॉल अहारॉन व जॉन चॅपेल यांनी १९८६ मध्ये ह्युऑनच्या पायऱ्यांचाच आधार घेतला. पायऱ्यांच्या उंचीवरून तत्कालीन समुद्रपातळी कळते, पातळीवरून बर्फाचा अंदाज येतो. तो वजा केल्यावर तापमानाचा अंश उरतो.

कवच मूळ स्थितीत आहे, याचीही खात्री करावी लागते. ते ॲरॅगोनाइट या खनिजाचे बनलेले असते. जमिनीवर पावसाच्या पाण्याने त्याचे कॅल्साइट झाले असल्यास मूळ नोंद पुसली जाते. म्हणून क्ष-किरणांनी आधी परीक्षा करतात.

एल निन्योच्या वर्षी या भागात समुद्र थंडावतो व पाऊस घटतो. त्याची खूण कवचात उमटते. तापमापकांच्या नोंदी जेमतेम दीड-दोन शतकांच्या आहेत. एक कवच केवळ काही दशकांची हकीकत सांगते. पण निरनिराळ्या काळांतील कवचे ताडून पाहिली, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी एल निन्यो किती तीव्र होता, हे कळते. पृथ्वी तापत असताना तो कसा बदलेल, हे ठरविण्यास हा पुरावा मोलाचा आहे.