गजकर्णाचे औषध

गजकर्ण म्हणजे रक्ताचा बिघाड नव्हे. ती कातडीवर वाढणारी बुरशी. दुकानातले कुठलेसे मलम चोळले की खाज थांबते खरी, पण त्यात स्टेरॉइड असले तर बुरशी मुकाट पसरतच राहते. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलेच औषध घ्यावे. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची. आम्लपित्ताच्या गोळीबरोबर नव्हे, नाहीतर ती अंगी लागत नाही. चालू औषधे, यकृताचे वा हृदयाचे दुखणे, गरोदरपण, हे सारे आधीच सांगावे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागून पाय सुजले, तर औषध थांबवून तडक दवाखाना गाठावा. एरवी मात्र, मंडळी, चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध मध्येच सोडू नका. बी राहिले की तण पुन्हा उगवतेच!