लाइनमनचा कॅन्सर आणि तारांवरचा आळ

‘हाय टेन्शनवर काम करणाऱ्याला आज ना उद्या कॅन्सर होणारच. जागतिक आरोग्य संघटनेनंच मान्य केलंय!’ हे इतक्या छातीठोकपणे सांगितलं जातं, की मान्य नेमकं काय केलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2002 मध्ये विजेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘2बी’ गटात टाकलं. म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. तेही लहान मुलांच्या ल्युकेमियाबाबतच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाबाबतच्या, मर्यादित पुराव्यावरून. बाकीच्या कर्करोगांबाबतचा पुरावा तिथेच ‘अपुरा’ ठरला. आता ‘अपुरा’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, हे कबूल. पण ‘होणारच’ कुठून आलं?

शंकेला जागा होती. 1982 मध्ये संशोधक सॅम्युएल मिलहॅम यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुरुषांचे मृत्यूचे दाखले चाळले, तेव्हा विजेशी संबंधित कामं करणाऱ्यांत ल्युकेमियाचं प्रमाण जास्त निघालं. मात्र दाखल्यावर हुद्दा असतो. त्या माणसाच्या अंगावर किती चुंबकीय क्षेत्र होतं, ते नसतं. म्हणून पुढच्या अभ्यासांत कामगारांच्या अंगावर मापक यंत्रं लावली गेली. 1994 च्या कॅनडा-फ्रान्सच्या अभ्यासात तीन वीजकंपन्यांतले 2,23,292 पुरुष होते. ल्युकेमियाच्या एका प्रकाराशी संबंध दिसला, पण संपर्क वाढेल तसा धोका वाढतो, असं स्पष्ट चित्र उमटलं नाही. 1995 मध्ये अमेरिकेतल्या पाच कंपन्यांतले सुमारे 1,39,000 पुरुष तपासले. तिथे ल्युकेमियाशी नातं नाही. मेंदूच्या कर्करोगाशी मात्र किंचित! विडी-सिगारेट आणि फुप्फुसाचं नातं असं अभ्यासागणिक अवयव बदलत नाही.

मग तारांखालची चरचर म्हणजे किरणोत्सर्ग? छे, तो तारेभोवतीच्या हवेतल्या विद्युत विसर्जनाचा आवाज. रबरी हातमोजे शॉकपासून वाचवतात. चुंबकीय क्षेत्र त्यांच्या आरपार जातं. ते कमी करायचं तर अंतर वाढवायचं.

तुलनेसाठी वर्कशॉपमधल्या वेल्डरकडे बघा. केबल खांद्यावर टाकून काम करताना त्याच्या अंगावरही चांगलंच चुंबकीय क्षेत्र असतं. पण वेल्डिंगचा धूर आणि लखलखाटातले अतिनील किरण हे दोन्ही त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 मध्ये पहिल्या, म्हणजे खात्रीच्या कर्करोगकारकांच्या गटात घातले. तंबाखू तर तिथे कधीपासूनच आहे. तारांच्या नावानं बोटं मोडणारे कित्येक जण तीच तळहातावर मळत असतात.